गव्हाळ, निमगोरा, सावळा

पक्ष्यांच्या कुठल्याही पुस्तकात शिकारी पक्ष्यांची पानं आली की चित्रकाराची दमछाक दिसायला लागते. तोवर सगळं सुरळीत चाललेलं असतं. खंड्याचं एक चित्र पुरतं, नीलपंखाचं एक पुरतं, सुगरणीच्या नरमादीला दोन. पिवळा तो पिवळा, निळा तो निळा, पुस्तकाची पक्ष्याबद्दल तक्रार नसते आणि पक्ष्याचीही पुस्तकाबद्दल नसावी. मग मधुबाजाचं पान उघडतं, आणि तिथे एकाच पक्ष्याची चित्रं दाटीवाटीनं बसवलेली दिसतात. एक दुधाळ, पोटावर रेघसुद्धा नसलेला. एक विटकरी. एक इतका काळपट की कावळ्यांनी त्याला आपल्यात घ्यावा. एकाच्या छातीवर आडवे पट्टे, एकाच्या उभे फराटे. एवढं करून खाली बारीक टाइपात चित्रकाराच्या वतीनं शरणागती लिहिलेली असते, की यांच्या मधल्या सगळ्या छटाही आढळतात. ते वाचलं की मला वधूवर सूचक मंडळाची वही आठवते. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशा चार रकान्यांत अख्ख्या महाराष्ट्राची कातडी बसवणारी ती वही आणि हे पान, दोघांची अडचण एकच. समोरच्या जिवानं कुठल्यातरी एका रंगात ठाम राहावं अशी त्यांची माफक अपेक्षा असते, आणि जीव काही केल्या ती पुरी करत नाही.

बरं, मधुबाज हा कुठल्या दुर्गम कड्यावर राहणारा पक्षी आहे म्हणावं, तर तेही नाही. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागतं. ते हटवावं की राहू द्यावं यावर वार्षिक सभेत दोन तट पडतात, ठराव पुढच्या सभेवर जातो, आणि मधल्या काळात मधुबाज येऊन तो विषय आपल्या परीनं निकाली काढतो. सकाळी उन्हं तापली की तो एकदम टाकीच्या सज्ज्यावर उतरतो. माश्यांचा काळा पडदा पोळ्यावरून सुटून हवेत उठतो, खाली खिडक्या धडाधड बंद होतात, आणि हा त्या गोंधळात पायानं पोळ्याचा तुकडा ओरबाडून समोरच्या कडुलिंबावर जाऊन बसतो. त्याला मधात रस नाही. एका पंजात तुकडा धरायचा आणि चोचीच्या टोकानं एकेका घरातली पांढरी गुबगुबीत अळी अलगद उपसून काढायची, हे काम तो वाटाणे सोलणाऱ्याच्या निवांतपणानं करतो. चेहऱ्यावर खवल्यांसारखी बारीक, घट्ट पिसं असतात. त्यावर माश्या डोकी आपटून थकतात. दुर्बिणीतून पाहिलं तर त्या खवल्यांच्या मधोमध एक डोळा दिसतो, मादीचा पिवळा आणि नराचा गडद, आणि त्या डोळ्यात सोसायटीच्या ठरावाबद्दल कसलीही उत्सुकता नसते. एका हिवाळ्यात आमच्याकडे आलेला मधुबाज गव्हाळ होता. पुढच्या वेळचा चॉकलेटी. तळमजल्यावरच्या काकांनी दोघांनाही वर न बघता घार म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

इतके रंग कशासाठी, यावर पक्षिशास्त्रज्ञांचा एक कयास आहे. मधुबाज अंगापिंडानं मोठा असला तरी भांडखोर नाही. अळ्या खाऊन जगणाऱ्याकडे भांडायला लागणारे पंजे नसतात. म्हणून तो मोरघारीचा वेष घेत असावा. मोरघार तगडी, धारदार नखांची. तिच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. आता इथपर्यंत सगळं पटतं. पण मोरघार स्वतःच फिकट आणि गडद अशा निरनिराळ्या वेषांत वावरते. म्हणजे ज्याची नक्कल करायची तोच रोज वेगळ्या पोशाखात ऑफिसला येणार, आणि नक्कल करणाऱ्यानं बिचाऱ्यानं सगळे पोशाख शिवून ठेवायचे. मधुबाजानं ते शिवले. फक्त डोकं तेवढं बदलता आलं नाही. त्या भारदस्त अंगावर बारीक, कबुतरासारखं डोकं आणि पुढे काढलेली लांब मान दिसली, की कुठल्याही रंगाचा असला तरी तो मधुबाजच.

ही मानेची खूण मला सांगितली आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी. सर सासवडला असतात. उभी हयात त्यांनी मुलांना रंग शिकवण्यात घालवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या निम्म्या तालुक्याच्या बोटांना त्यांच्यामुळे रंग लागलेले आहेत. ट्यूबमधला तयार हिरवा कुणी थेट झाडाला फासला, तर ते त्या मुलाला खिडकीशी उभं करून बाहेरच्या लिंबात किती हिरवे आहेत ते मोजायला लावत. आणि असा माणूस निवृत्तीनंतर गळ्यात दुर्बीण अडकवून माळावर हिंडायला लागला, आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाला, ‘रंगाकडे बघूच नकोस.’ मी म्हणाले, ‘सर, तुम्ही हे म्हणता?’ तर म्हणाले, ‘अगं, मी म्हणतो म्हणूनच ऐक. रंग वस्तूत थोडा असतो, उजेडात फार असतो. आधी आकार बघ. मग चाल बघ. रंगावर यायची वेळ आली तर समजायचं की पक्षी निघून गेलाय.’

सरांचं म्हणणं कळायला त्या माळावर एक सकाळ पुरते. सासवडहून जेजुरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना अजून गवताचे तुकडे शिल्लक आहेत. एन. ए. प्लॉटच्या पाट्या आणि चुना फासलेले खांब गवतात रोवलेले असतात, आणि त्या खांबांवर पहिला ताबा शिकारी पक्ष्यांनी घेतलेला असतो, विनाहप्ता. सूर्य उगवताना त्यातला प्रत्येक जण तांबूस असतो. तासाभरानं तोच पक्षी डोक्यावरून गेला तर काळा दिसतो, कारण ऊन त्याच्या पाठीवर आणि आपण त्याच्या सावलीत. दुपारी तो वाळल्या गवतावरून खालून उडत गेला तर त्याच्या पांढऱ्या पोटावर गवताची सोनेरी झाक चढते. पुस्तकात शोधायला जावं तर असा सोनेरी पोटाचा पक्षी आशिया खंडात नसतो. त्यात पिसं झिजतात, उन्हानं विटतात, वर्षातून एकदा गळून नवी येतात, आणि मधल्या काळात अर्धी जुनी अर्धी नवी अशी अंगावर राहतात. पुस्तकातले पक्षी मात्र सगळे आंघोळ करून, भांग पाडून, बाजूला तोंड करून बसलेले.

वय हा आणखी एक घोटाळा. शिक्रा घ्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेवग्यावर बसतो तो. पिल्लूपण सरेपर्यंत तो तपकिरी असतो आणि छातीवर उभ्या थेंबांच्या ओळी असतात, शाईचं पेन झटकल्यासारख्या. मोठा झाला की पाठ राखाडी होते आणि छातीवरच्या उभ्या रेघांच्या जागी बारीक विटकरी आडव्या रेघा येतात. डोळाही बदलत जातो. कोवळेपणी पिवळा, पुढे नारिंगी, आणि नर पिकला की लालबुंद. माणसाचे डोळे वयानं निवळतात, शिक्र्याचे पेटत जातात. निसर्गानं हा हिशेब उलटा का मांडला कोण जाणे. त्याच्या नावाचीही मध्यंतरी अशीच पिसं बदलली. वर्षानुवर्षं तो ॲक्सिपिटर गटातला होता, २०२४ मध्ये डीएनए तपासून पक्ष्यांच्या जागतिक यादीत त्याला टॅकिस्पायझा या वेगळ्या गटात बसवलं. शेवग्यावर त्या दिवशीही सातभाईंनी जुन्याच नावानं बोंब ठोकली.

त्या सातभाईंची मला फार दया येते, कारण त्यांच्या वाट्याला शिक्राही आहे आणि पावशाही. मृगाच्या आधी रात्रंदिवस गळा फाडून शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ म्हणणारा हा पावशा कोकिळेच्या गोतातला, पण अंगावर शिक्र्याचा हुबेहूब गणवेश. राखाडी पाठ, विटकरी छाती, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी. नुसता रंग घेऊन तो थांबलेला नाही. शिक्र्यासारखीच दोनचार झपझप पंख मारून तरंगणारी झेप घेतो, आणि फांदीवर टेकला की शिक्र्यासारखीच शेपटी डावीउजवीकडे हलवतो. त्याचं पिल्लूसुद्धा शिक्र्याच्या पिल्लासारखं उभ्या ठिपक्यांचं असतं. सोंग एवढं चोख की बालपणही उसनं घेतलेलं. शिक्रा आला समजून सातभाईंची पळापळ झाली की पावशाची मादी त्यांच्या घरट्यात आपलं अंडं ठेवून निघते. सर म्हणतात, त्या मादीचं मला कौतुक वाटतं, पण सातभाईंच्या बाजूनं विचार कर. शिक्रा असेल तर जीव जाईल, पावशा असेल तर संसार जाईल, आणि ठरवायला वेळ एका क्षणाचा. आपण निदान वही उघडून बसतो. त्यांच्यासारखी परीक्षा आपल्याला द्यावी लागली तर आपणही दोघांना बघून एकच ओरडू.

पूर्वी या सगळ्या संशयावर एक रामबाण उपाय होता, बंदूक. पक्षी पाडायचा, हातात घ्यायचा, पंख मोजायचा, कातडं भरायचं, पायाला चिठ्ठी बांधायची. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत काँग्रेसच्या धड्यात पाठ केलेलं असतं. पण सिमल्याला जाखू टेकडीवरच्या त्याच्या बंगल्यात हिंदुस्थानभरातून आलेली पक्ष्यांची कातडी आणि अंडी ठेवलेली होती. ८०,००० हून जास्त नमुने त्यानं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले ते १८८५ साली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. एका वर्षात माणसानं आयुष्यभराचे पक्षी हातावेगळे केले आणि माणसं गोळा करायला घेतली. याच्या मागे एक हळहळ लावणारी गोष्ट आहे. पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी त्यानं वर्षानुवर्षं लिहून ठेवलेली बाडं नोकरानं बाजारात रद्दीत विकून टाकली. मी पुष्कळदा मनाशी ते चित्र बघते, की सिमल्यातल्या कुठल्याशा दुकानी कुणीतरी पावशेर जिरं घेतलं, आणि ज्या कागदात ते बांधून आलं त्यावर भोवत्याच्या शेपटीवरचे पट्टे किती याची बारीक अक्षरात नोंद होती. पुढे ह्यूमनं पक्षी मारणं सोडलं आणि मांसाहारही सोडला. म्युझियमच्या कपाटात ते पक्षी अजून पाय जुळवून उताणे पडलेले आहेत. हातात धरलेला पक्षी उडत नाही, त्यामुळे चालीवरून ओळखायची सोय उरत नाही. तिथे रंगावाचून आणि मोजपट्टीवाचून गत्यंतर नव्हतं. पुस्तकांना रंगाचं वेड लागलं ते तिथूनच असावं असं मला वाटतं.

मग दुर्बिणी स्वस्त झाल्या. १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसननं पक्ष्यांच्या चित्रांवर नेमक्या खुणांकडे बोट दाखवणारे बारीक बाण काढून एक पुस्तक छापलं, आणि बंदुकीची नळी असायची तिथे भिंगं आली. आपल्याकडे १९४१ मध्ये सालिम अलींचं पुस्तक निघालं. खास शिकारी पक्ष्यांना वाहिलेला रिशाद नौरोजी यांचा जाडजूड ग्रंथ यायला २००६ उजाडावं लागलं. सरांकडे तो आहे. प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला, पाटावर ठेवून वाचायचा, कारण मांडीवर पेलत नाही.

त्या ग्रंथातली सगळ्यात मळलेली पानं भोवत्यांची. दिवाळी झाली की भोवत्ये येतात, दूर मध्य आशियातल्या, कझाकस्तानकडच्या गवताळ मुलखातून. लांब पंखांचा, लांब शेपटीचा, हलका पक्षी. पंख किंचित वर धरून, गवताला पोट घासेल इतक्या खालून तो माळ विंचरत जातो. मधेच थबकतो, वळतो, आणि पाय खाली सोडून गवतात नाहीसा होतो. नर राखाडी. पहाटेच्या धुक्यात त्याच्या पंखांची काळी टोकं तेवढी हलताना दिसतात. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा ठसा. इतका फरक की दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वीपर्यंत इंग्लंडात तिथल्या भोवत्याचे नरमादी हे दोन वेगळे पक्षीच समजले जात. जॉर्ज माँटेग्यू नावाच्या एका लष्करी माणसानं घरट्यातली पिलं घरी आणून वाढवली आणि त्यांची पिसं बदलताना डोळ्यांनी पाहिली, तेव्हा तो वाद मिटला. या उपकारापोटी एका सडपातळ भोवत्याला त्याचं नाव लागलं, आणि तो माँटेग्यूचा भोवत्या हिवाळ्यात आपल्याकडे टोळ खायला येतो. त्याच्या जोडीला फिकट भोवत्या येतो. नर वेगळे काढता येतात, एकाच्या पंखावर काळी पट्टी आणि पोटावर तांबूस रेघोट्या, दुसऱ्याचं पोट स्वच्छ. पण दोघांच्या माद्या आणि दोघांची पिलं यांनी भल्याभल्यांची मैत्री तोडली आहे. मानेभोवती फिकट गळपट्टी दिसली की फिकट भोवत्याची, असा नियम आहे. गळपट्टी दिसण्यासाठी पक्ष्यानं आपल्याकडे बघावं लागतं. भोवत्या गवताकडे बघत असतो.

आणि हे वाद मिटवावेत असं खुद्द भोवत्यांच्या मनात आहे की नाही याचीच शंका यावी, अशी एक गोष्ट फ्रान्समध्ये उघडकीला आली. तिथल्या पश्चिम भागातल्या पाणथळीवरच्या भोवत्यांमध्ये काही नर जन्मभर मादीचाच तपकिरी वेष ठेवतात. थोडेथोडके नाहीत, सुमारे ४० टक्के. बाकीचे राखाडी नर हद्दीवरून एकमेकांना झोडपत असतात तेव्हा हे बाई समजून वगळले जातात, आणि शांतपणे आपला संसार करतात. २०११ साली हा शोध प्रसिद्ध झाला. सरांना मी तो वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले आणि मग म्हणाले, ‘आमच्या स्टाफरूममध्ये मी हेच करायचो.’

त्याहून मला आवडलेली गोष्ट जर्मनीतल्या बाजांची आहे. तिथला साधा बाज गडद, फिकट आणि मधल्या अशा तीन रंगांत असतो. वर्षानुवर्षं त्यांची घरटी मोजल्यावर २००१ साली ओलिव्हर क्रूगर आणि त्याच्या सहकाऱ्यांना आढळलं की ज्यांना सगळ्यात जास्त पिलं होतात ते मधल्या रंगाचे. म्हणजे गव्हाळच सरस. आई-वडलांपैकी एक गडद आणि एक फिकट असला की पिलं हमखास मधल्या रंगाची निघतात, तेव्हा शहाणपणा असा की प्रत्येकानं आपल्याहून वेगळ्या रंगाचा जोडीदार बघावा. प्रत्यक्षात बाज जोडीदार निवडताना आपल्या आईचा रंग शोधतात. घरट्यात डोळे उघडले तेव्हा जो रंग वर वाकून भरवत होता, तोच पुन्हा शोधत फिरतात, मग त्यात दोन पिलं कमी झाली तरी चालेल. हे वाचल्यावर माझा बाजांबद्दलचा धाक कमी झाला. ज्यांच्या नजरेच्या आपण उपमा देतो, ज्यांच्या पंजांची चित्रं राजेलोकांनी निशाणांवर काढली, ते लग्नाच्या बाबतीत इतके आईवेडे आणि अव्यवहारी निघावेत!

माळावर मेंढरं चारणाऱ्या एका आजोबांना सरांनी एकदा मुद्दाम विचारलं होतं, ही समोर उडते ती कोणती. आजोबांनी काठीवर हनुवटी टेकून तिच्याकडे नीट पाहिलं. ‘ती व्हय? घार,’ म्हणाले. सर हिरमुसले. मग आजोबांनी पुढे सांगितलं, ‘पन ही कोकरावर येत न्हाई. ही टोळ खाती. गवताला पोट घाशीत जाती बगा. सांजच्याला समद्या एका जागी खाली गवतात निजत्यात, झाडावर न्हाई बसायच्या.’ भोवत्ये रातथाऱ्याला झाडावर न जाता जमिनीवर, गवतात एकत्र उतरतात. गुजरातेत वेळावदरला त्यासाठी जगभरातून माणसं येतात. आजोबांनी ते मेंढरांमागे चालता चालता पाहून ठेवलं होतं, आणि सांगताना रंगाचा एक शब्द उच्चारला नव्हता. सरांनी त्यांना चहा पाजला आणि परतताना वाटेत मला ऐकवलं, की हा माणूस इंटरमिजिएटला पहिल्या श्रेणीत आला असता.

सरांची आणि रंगांची खरी गाठ मात्र यंदा पडली. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचाही पिकलाय, तो पुढच्या महिन्यात करू असं ठरलं. बरं वाटल्यावर मुलीच्या मागे लागून ते माळावर आले. खांबावर भोवत्याची एक मादी बसली होती. सरांनी दुर्बीण लावली, काढली, मग दुर्बिणीचं एकच भिंग लावून एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि हे पुष्कळ वेळ चाललं. मी घाबरले. ‘सर, दुखतोय का?’ ‘दुखत नाही गं. दोन पक्षी दिसताहेत.’ नव्या डोळ्याला ती मादी थंड तपकिरी दिसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा पांढरा इतका पांढरा की त्यात निळा मिसळलेला. जुन्या डोळ्याला तीच पिवळसर, उबदार, जुन्या फोटोतली असावी तशी. सर गप्प झाले. मग म्हणाले, ‘गेली कितीएक वर्षं मी पोरांना सांगत आलो, गवताच्या रंगात यलो ऑकर अजून घाला, अजून घाला. तो ऑकर माझ्या भिंगात बसला होता की काय!’ माळावरचं गवत त्यांनी मग एकेका डोळ्यानं पुन्हा पाहून घेतलं, आणि दोन्ही डोळ्यांना ते आवडलं असावं, कारण खिशातून रुमाल निघाला आणि दोन्ही डोळे पुसले गेले.

दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी पुढे ढकलली आहे. भोवत्ये मार्चच्या शेवटाला परत निघतात, त्यानंतरची घेतली. मुलगी माझ्यावर नाराज आहे. फोनवर म्हणाली, ‘ताई, निदान तुम्ही तरी समजवा त्यांना.’ मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कॅमलची डबी उघडली. त्यांना एक प्रयोग करायचा होता. एकाच कागदावर तीच मादी दोनदा रंगवायची, डावीकडे डाव्या डोळ्याला दिसते तशी, उजवीकडे उजव्या डोळ्याला दिसते तशी. डावं चित्र काढताना उजव्या डोळ्यावर गॉजची पट्टी, उजवं काढताना डाव्यावर. ऐन थंडीत खांबासमोर घडीच्या स्टुलावर बसून त्यांनी ते पुरं केलं, खाली ‘डावा’ आणि ‘उजवा’ असं सुबक अक्षरात लिहिलं, आणि घरी नेऊन मुलीसमोर धरलं, तारीख का बदलली ते तिला एकदा दिसावं म्हणून. तिनं कागद उजेडात नेला, जवळ धरला, लांब धरला. ‘बाबा, ही दोन्ही चित्रं एकसारखीच तर आहेत.’ सरांनी कागद ओढून घेतला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. मग लक्षात आलं. ज्या डोळ्याला पक्षी पिवळसर दिसत होता, त्याच डोळ्याला थाळीतला रंगही पिवळसर दिसत होता. दोन्ही वेळेला हातानं मुकाट्यानं तोच तपकिरी मिसळला. ‘खरंच की गं,’ सर म्हणाले, आणि उरलेला रंग सुकायच्या आत त्याच कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी तिसरी मादी काढायला घेतली, उडणारी, नुसती बाह्यरेषा.